इंडेक्सला न दिसणारी आई

मी राहतो अंबरनाथच्या बुवापाड्यात. १०६० सालचा शिलालेख असलेलं शिवमंदिर आमच्याच गावात! पण मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम इंडेक्सला ‘शिव’ दिसायचा नाही. डिफॉल्ट नियम: किमान चार अक्षरं. श, वेलांटी, व मिळून तीनच.

मराठी विकिपीडिया (२००३) ज्यावर चालतो त्या मीडियाविकीने नामी युक्ती काढली. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ते हेक्समध्ये लिहून आधी ‘यू८’ जोडायचं. ‘शिव’ झाला २४ अक्षरी, इंडेक्स खूश!

२०१३च्या ५.६ आवृत्तीत इनोडीबीची मर्यादा आली ३वर. शिव आत, ‘आई’ बाहेरच! तिच्यासाठी २०१५चा एनग्रॅम पार्सर, दोन-दोन चिन्हांचे तुकडे करणारा.

छोटा शब्द म्हणजे फालतू, हा हिशोब इंग्रजीचा. आपली ‘आई’ म्हणजे काय ‘ऑफ’ आहे?