निर्वात नलिका विवर्धकाची दुरुस्ती

निर्वात नलिका विवर्धक हे निर्वात नलिकांच्या साहाय्याने दुर्बळ ध्वनिसंकेताची शक्ती वाढवणारे उपकरण आहे. बोलीभाषेत त्यास ‘व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर’ म्हणतात. त्याच्या दुरुस्तीत जळालेला भाग बदलण्याआधी तो का जळाला हे शोधणे महत्त्वाचे असते. अन्यथा नवा भागही निकामी होतो.

इतिहास

अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये जाळीयुक्त नलिका तयार केली. बोलपटांच्या आगमनानंतर चित्रगृहांना मोठ्या आवाजाची गरज भासू लागली. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात निर्माण केलेला ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट याच काळातील आहे. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढील काही दशकांत नलिका मागे पडल्या. जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि ध्वनिक्षेपक संच यांमध्ये त्या आजही आढळतात.

रचना

रोहित्र, एकदिशकारक आणि गाळणी धारित्रे (कंडेन्सर) मिळून नलिकांना उच्च एकदिश दाब पुरवतात. पहिल्या नलिकेने वाढवलेला संकेत जोड-धारित्रातून शक्तिनलिकेच्या जाळीवर येतो आणि तेथून निर्गम रोहित्रामार्फत स्पीकरला मिळतो. जोड-धारित्र ध्वनिसंकेत पुढे जाऊ देते, परंतु मागील नलिकेचा एकदिश दाब अडवते. शक्तिनलिकेची जाळी ऋणाग्राच्या तुलनेत ऋण राहिली, तरच नलिकेतील प्रवाह मर्यादेत राहतो.

दोषनिदान

सतत येणारी १०० हर्ट्झची घरघर बहुधा गाळणी धारित्रे सुकल्याचे लक्षण असते. नलिकेला हलकेच टिचकी मारल्यावर खरखर झाल्यास नलिका, तिची बैठक किंवा डाखकाम सदोष असू शकते.

आवाज फाटणे आणि शक्तिनलिकेचे धनाग्र लालबुंद होणे हा अधिक गंभीर दोष होय. जुन्या कागदी धारित्रांत ओलावा शिरून त्यांतून एकदिश प्रवाह झिरपू लागतो. जाळीचा रोधक ४,७०,००० ओहमचा असल्यास केवळ १० मायक्रोॲम्पिअर गळतीने जाळीवर सुमारे ४.७ व्होल्ट धन दाब येतो. ‘ईएल ८४’ ही नलिका २५० व्होल्टवर, १३५ ओहमच्या ऋणाग्र रोधकासह चालवल्यास त्या रोधकावर सुमारे ७.३ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. तो ११ व्होल्ट आढळल्यास प्रवाह सुमारे ५४ ऐवजी ८१ मिलिॲम्पिअर झालेला असतो. ही स्थिती टिकल्यास नलिकेबरोबर रोहित्रही जळू शकते, आणि जुन्या रोहित्राला पर्याय मिळणे कठीण असते.

संकेत नसताना जाळी व चॅसी यांमधील दाब मल्टिमीटरने मोजतात. अशा मंडलात तो जवळजवळ शून्य असावा. धन दाब आढळल्यास वीज बंद करून जोड-धारित्राचे जाळीकडील टोक सोडवतात व पुन्हा मोजतात. दाब नाहीसा झाल्यास दोष धारित्रात असतो. टिकून राहिल्यास नलिकेत वायू शिरल्याची शक्यता असते.

दुरुस्ती

गळके धारित्र काढून तितक्याच धारकतेचे आणि तेवढ्याच किंवा अधिक दाबक्षमतेचे पॉलिएस्टर धारित्र बसवतात. अतिप्रवाहाने ऋणाग्र रोधकाचे मूल्य बदललेले असू शकते. म्हणून तोही तपासतात आणि मगच नवी नलिका लावतात. प्रथम वीज देताना साधा तंतूचा दिवा एकसरीत जोडतात. तो सतत प्रखर राहिल्यास मंडलात कोठेतरी लघुपथ असल्याचे समजते. स्पीकर न जोडता विवर्धक चालवल्यास निर्गम रोहित्रास इजा होऊ शकते.

सुरक्षितता

वीज बंद केल्यावरही धारित्रांत ३०० व्होल्ट किंवा अधिक दाबाचा प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. तो योग्य रोधकातून उतरवून, दाब शून्य झाल्याची मीटरने खात्री करूनच आत हात घालावा. काही जुन्या संचांत मुख्य रोहित्र नसते व चॅसी थेट विजेच्या तारेशी जोडलेली असते. असे संच विलगकारी रोहित्राशिवाय उघड्या स्थितीत चालवू नयेत.