एक्सझेड यूटिल्स चोरदरवाजा

एक्सझेड यूटिल्स चोरदरवाजा : लिनक्सवर फायलींचा आकार कमी करणाऱ्या ‘एक्सझेड यूटिल्स’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला घातक कोड. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याने तो शोधून २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केला. सीव्हीई-२०२४-३०९४ या क्रमांकाच्या या त्रुटीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले.

फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसचे विकासक. सुरक्षा-संशोधन हा त्यांचा व्यवसाय नव्हे. डेटाबेसचा वेग मोजताना, दूरवरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर विनाकारण प्रोसेसर वापरतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. तो वेळ एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीत जात होता, पण तिच्या कोणत्या फंक्शनमध्ये, हे मोजणीत दिसेना. स्मृतिदोष शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडने काही आठवड्यांपूर्वी दाखवलेल्या चुकाही त्यांना आठवल्या. अशा किरकोळ विसंगती बहुतेक जण सोडून देतात. फ्रॉइंड यांनी त्यांचा पिच्छा पुरवला, हेच या शोधाचे खरे मोल.

लपवण्याची रीत विलक्षण होती. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटाव्यात अशा संकुचित फायलींत होता. तो बाहेर काढणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडभांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. त्यामुळे भांडारातला मूळ कोड कितीही बारकाईने वाचला तरी सगळा डाव उलगडला नसता. लिनक्सच्या काही वितरणांत एसएसएच सर्व्हर सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकामार्फत ही लायब्ररी स्मृतीत आणत असे. तिथे हा कोड आरएसए सही पडताळणारे फंक्शन आपल्या ताब्यात घेई. पुढे इतर विश्लेषकांनी यंत्रभाषेतला भाग उकलला, तेव्हा कळले की हल्लेखोराच्या खासगी किल्लीने सही केलेली आज्ञा आली तरच तो ती चालवतो. म्हणजे हे दार इतर कोणालाही उघडता येणारे नव्हते.

हा कोड घुसवणारे ‘जिया टॅन’ नावाचे खाते २०२१ पासून या प्रकल्पाला सुधारणा पाठवत होते. लासे कॉलिन हे एकटेच, विनामोबदला प्रकल्प सांभाळत होते. २०२२ मध्ये इतर काही नावांनी त्यांच्यावर दिरंगाईचा ठपका ठेवत नवा सहकारी घेण्याचा दबाव आणला गेला आणि अखेर टॅनला प्रकल्प सांभाळण्याचे अधिकार मिळाले. जगभरचे सर्व्हर ज्यावर विसंबतात, ते काम एका स्वयंसेवकावर टाकून सगळे निर्धास्त राहिले. या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष तोच होय.

सदोष आवृत्त्या फेडोरा रॉहाइड, डेबियनच्या चाचणी शाखा, ओपनसुसे टंबलवीड अशा वितरणांपर्यंत पोहोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स बचावले. वितरणांनी तातडीने जुन्या आवृत्त्या परत आणल्या. मे २०२४ मध्ये कॉलिन यांनी चोरदरवाजा काढलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.