सोवळें आणि अनुताप

'पश्चात्ताप' या आपल्या शब्दांत ताप आहे. मागाहून होणारी होरपळ आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक ग्रंथांत त्या जागीं 'मेटानोइया' हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ मन पालटणें असा आहे. या दोन अर्थांतील अंतर ज्यांना जाणावयाचें असेल, त्यांनीं टिळक दांपत्याच्या नगर जिल्ह्यांतील संसाराकडे पाहावें.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, हें त्यांचें कार्यक्षेत्र झालें. लक्ष्मीबाई मात्र कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांचें बालपण कडक सोवळ्यांत गेलें होतें. १८५७ च्या बंडांत सासऱ्यांना फांशी झाल्यापासून त्यांच्या वडिलांनीं सोवळ्याचा जो ध्यास घेतला, तो कधीं सुटला नाहीं. त्यामुळें पतीकडे परत आल्यावरही बाईंनीं आपलें अन्नपाणी निराळें ठेविलें.

पुढें राहुरीस असतां एके दिवशीं त्यांच्या मनांत प्रश्न उभा राहिला : जाती देवानें केल्या कीं माणसानें? त्या माणसानेंच केल्या, अशी मनाची खात्री पटतांच कोणाच्याही हातचें अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिलें नाहीं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं झाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बाईंनीं चोरी केली नव्हती, कीं कोणास फसविलें नव्हतें. ज्या आचरणाबद्दल समाज त्यांना नांवाजीत होता, तेंच त्यांनीं दोष म्हणून ओळखलें. पापाचा पश्चात्ताप कठीण खरा. परंतु मानलेल्या पुण्याचा पश्चात्ताप त्याहून कठीण, कारण तेथें आपलें उच्चासनच सोडावें लागतें. नम्रता ती हीच.

टिळकांची परीक्षा निराळी होती. ते शीघ्रकोपी होते. संताप आणि त्यामागून येणारी खंत हा त्यांच्या संसाराचा नित्यक्रम होता. अनुताप एकदां होऊन संपत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या घरानें रोज पाहिली. १९०४ सालीं त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. कवि म्हणूनही कीर्ति झाली. तरी १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यागांतही अहंता लपूं शकते, हें खरें. पण पगार व पद सोडल्यावर माणसास लपावयास जागा थोडीच उरते. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले.

हें सारें आपणांस कळतें तें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वरून. १९३४ पासून निघालेल्या त्या ग्रंथांत पतीचा राग त्यांनीं लपविला नाहीं, आणि स्वतःच्या सोवळ्याचीही गय केली नाहीं. आपल्या चुकीकडे पाहून त्यांना हंसतां आलें. रडणाऱ्याचें मन पालटलें आहे कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. आपल्या जुन्या अभिमानाला असें निर्मळपणें हंसणाऱ्याचें मात्र खास पालटलेलें असतें.