वाकलेलं वर्तुळ

मंडळी, नकाशे आता संगणकावर होतात. फाईल बिघडली, तर जाणता माणूस मागची प्रत शोधून काम सावरून घेतो. पण 1808 साली सरफोजीराजांच्या तंजावरात नकाशाचं यंत्रच मोडलं, आणि नवं आणायचं तर विलायतेहून!

1802 पासून विल्यम लॅम्टन मद्रासहून त्रिकोणाला त्रिकोण जोडीत हिंदुस्थान मोजीत होते. कोन मोजण्याचं त्यांचं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं. अंशांच्या खुणा असलेलं 36 इंच व्यासाचं वर्तुळ हा त्याचा प्राण. दूरवरचं दिसावं म्हणून ते देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. आता मोजावा तो कोन खोटा. शिवाय एका त्रिकोणाची चूक पुढच्यात उतरते, हे गणिताच्या शिक्षकांना मी काय सांगावं?

पुढची हकीकत जॉर्ज एव्हरेस्ट यांनी लिहून ठेवली आहे. लॅम्टन तंबूत शिरले. मुख्य कारागिरांखेरीज कुणाला आत मज्जाव. यंत्र सुटं केलं. मोठ्या सपाट फळीवर हवं तेवढंच वर्तुळ कापलं, आणि पाचरी, मळसूत्रं, कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू ओढीत त्या मापात बसवली. वाकलेल्या आऱ्या लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केल्या. घाई नाही, बरं का! सहा आठवडे लागले. यंत्र जवळजवळ पहिल्यासारखं झालं. अगदी पहिल्यासारखं नव्हे.

त्याच यंत्रानं मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. 1823 साली लॅम्टन वारले ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच.