उपचाराचे नियम आणि रोग्यांची गणना : कुष्ठरोगाच्या इतिहासातील एक प्रश्न

दीर्घकालीन रोगांच्या इतिहासात औषधांच्या शोधाला जेवढे स्थान मिळते, तेवढे औषधयोजनेच्या नियमांना मिळत नाही. वस्तुतः रोगी कोणास म्हणावे, उपचार किती काळ चालवावा आणि रोगमुक्त कोणास ठरवावे, हे हे नियमच निश्चित करतात. कुष्ठरोग हे याचे ठळक उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपचाराचा नियम म्हणजे बहुतांशी पृथक्करणाचाच नियम होता. १८९० मध्ये मुंबईत माटुंगा येथे निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. ते ज्यांच्या पुढाकाराने झाले ते पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणूनही अभ्यासकांस परिचित आहेत. १८९८ च्या कायद्याने भिक्षेकरी कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार शासनास दिला. कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल सोडल्यास वैद्यापाशी त्या काळी फारसे साधन नव्हते.

१९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गंधकयुक्त सल्फोन औषधांचा प्रयोग सुरू झाला व पुढे डॅप्सोन ही स्वस्त गोळी सर्वत्र रूढ झाली. रोग्याला कोंडण्याऐवजी त्याच्या घरापर्यंत औषध नेणे आता शक्य झाले. १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, उपचार व लोकशिक्षण यांची जी पद्धती बसविली, तिचा पाया हाच होता. परंतु तीव्र स्वरूपाच्या रोगात ही गोळी वर्षानुवर्षे, कित्येकदा आजन्म, घ्यावी लागे. साहजिकच एकदा नोंदविलेले नाव नोंदवहीतून सहसा निघत नसे. १९६४ मध्ये जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाल्याचा पुरावा मिळाला आणि एकाच औषधावरील भिस्त धोक्याची ठरली.

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या संयुक्त उपचाराची शिफारस प्रसिद्ध केली. अल्पजंतू प्रकारास सहा महिने व बहुजंतू प्रकारास किमान दोन वर्षे अशी मुदत ठरली. १९९८ मध्ये ही दुसरी मुदत बारा महिन्यांवर आली. २०१८ च्या निर्देशांत दोन्ही प्रकारांस तिन्ही औषधे सुचविण्यात आली. मुदती मात्र त्याच राहिल्या.

येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावयास हवे. उपचार चालू असेपर्यंतच व्यक्तीस रोगी गणावयाचे, असा नियम केला की मुदत निम्मी होताच नव्या रोग्यांची आवक तेवढीच असूनही नोंदलेली संख्या जवळजवळ निम्मी होते. २००५ च्या अखेरीस भारतात दर १०,००० लोकसंख्येमागे रोग्यांचे प्रमाण एकाहून खाली आले. ही घट औषधाच्या सामर्थ्याची साक्ष आहे, यात संशय नाही. तथापि तिच्यातील काही अंश गणनेच्या व्याख्येतून आलेला आहे. म्हणून नोंदलेल्या रोग्यांची संख्या आणि दरवर्षी नव्याने आढळणाऱ्यांची संख्या ही दोन निरनिराळी साधने मानूनच वापरली पाहिजेत. शिवाय औषध संपले म्हणजे हातापायांची बधिरता व विकृती संपते असे नाही. अशी व्यक्ती नोंदवहीतून जाते, पण समाजात रोगीच समजली जाते.

कायद्याची गती तर याहून मंद. १८९८ चा कायदा केंद्रीय कायद्यांच्या यादीतून २०१६ मध्ये रद्द झाला, आणि विवाहविषयक कायद्यांतील कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. संयुक्त उपचाराची शिफारस झाल्यापासून तोवर ३७ वर्षे लोटली होती. वैद्यकाने ज्यास बरा ठरविले त्यास कायदा असाध्य रोगी मानीत राहिला, आणि त्या अंतराचा भार रोग्यानेच वाहिला. या रोगाचा इतिहास लिहिताना दवाखान्याची नोंदवही, उपचाराचे निर्देश आणि कायद्याचे कलम ही तिन्ही एकत्र ठेवून वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे.