फ्लुओरेसिनचं घराणं

ऊसतोडीच्या दिवसांत वाळवा तालुक्यात डोळ्याला पात लागणं हे ठरलेलं दुखणं. उसाच्या पातीची कड करवतीसारखी असते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो, पण साध्या उजेडात तो नीट दिसत नाही. मग इस्लामपुरातले डोळ्यांचे डॉक्टर खालची पापणी ओढून नारिंगी टोकाची कागदी पट्टी आत टेकवतात आणि निळा दिवा लावतात. जखमेपुरताच हिरवा डाग उजळून येतो. पट्टीवरचा तो रंग म्हणजे फ्लुओरेसिन. जिवंत पेशीतले क्षणजीवी, चटकन दुसऱ्याला जाऊन भिडणारे रेणू हुडकायला आज जी रसायनं वापरतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ या रंगात आहे.

काही पदार्थ एका रंगाचा उजेड पितात आणि दुसऱ्या रंगाचा परत देतात, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली कुनैनच्या द्रावणावर उलगडून दाखवलं. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी रिसॉर्सिनॉल आणि थॅलिक अनहायड्राइड एकत्र तापवून फ्लुओरेसिन घडवलं. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आपली मुलंही हेच करतात: परीक्षानळीत दोन्ही चिमूटभर, सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, मंद आच, आणि तो लाल रस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ओतला की हिरवी झळाळी. वहीत ‘रिसॉर्सिनॉल आहे’ एवढंच लिहून घेतात. या रेणूचं पुढे काय झालं हे त्याच टेबलावर सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूबच्या जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात सुमारे दहा किलो रंग सोडला. अडीच दिवसांनी तो आख नदीच्या उगमाशी हिरवा होऊन निघाला. १९६१ मध्ये नोवोटनी आणि अल्व्हिस यांनी तो हाताच्या शिरेतून देऊन डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतले. या सगळ्या कामांत रंगानं फक्त वाट दाखवली. समोर कोण आहे हे त्याला कळत नव्हतं.

ते कळू लागलं १९६५ मध्ये. केस्टन आणि ब्रँड्ट यांनी डायक्लोरोफ्लुओरेसिनला हायड्रोजन जोडून त्याचा उजेड विझवला. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या ऑक्सिडीकारकाची क्रिया घडली की तो हायड्रोजन निघून जातो आणि रेणू पुन्हा पेटतो. रेणूवर दोन ॲसिटेट गट चढवले की तो पेशीच्या पडद्यातून आत शिरतो. आतली एन्झाइम्स ते गट कापतात आणि रेणू आतच अडकून राहतो. माझ्या मते या घराण्याचं खरं कसब इथे आहे, उजेड दाबून ठेवण्यात.

पुढची पिढी नेमकी झाली. १९९८ मध्ये जपानच्या तेत्सुओ नागानो यांच्या गटानं नायट्रिक ऑक्साइड ओळखण्यासाठी डायअमिनोफ्लुओरेसिन बनवलं. २००४ मध्ये अमेरिकेत क्रिस्टोफर चँग यांच्या गटानं उजेडाच्या तोंडाशी बोरॉनचे गट बसवले. पेरॉक्साइड ते गट काढतं, आणि मागे उरतं ते बायर यांचंच फ्लुओरेसिन.

इस्लामपूरची महाविद्यालयं ज्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे कोल्हापुरात रसायनशास्त्र विभागात अनुस्फुरणावर, म्हणजे एका रंगाचा उजेड पिऊन दुसऱ्या रंगाचा देण्यावर, काम करणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. प्रा. एस. आर. पाटील आणि प्रा. गोविंद कोळेकर यांच्या गटानं तिथे सेंद्रिय नॅनोकणांच्या उजेडावरून पाण्यातले धातूंचे आयन ओळखण्याचं काम केलं. घराणं वेगळं, पण विद्या तीच.

१९६५ चा रेणू अजूनही सर्रास वापरला जातो आणि तो फसवतोही. पेशीतलं लोह त्याला पेटवतं, दिव्याच्या प्रकाशानंही तो पेटतो, शिवाय पेटताना स्वतःच नवं पेरॉक्साइड तयार करतो. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या जाणकारांनी मिळून पेशीतले असे क्षणजीवी रेणू मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं छापली. नुसती पेशी हिरवी झाली म्हणून पेरॉक्साइड सापडलं असं लिहायचं नाही; पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज पेशीत वाढवून पाहायचं, आणि हिरवा रंग मावळला तरच पेरॉक्साइडचं नाव घ्यायचं.