आयलंड ग्राउंड्स, चेन्नई

चेन्नई शहरात कूवम नदीच्या मुखालगत, सेंट जॉर्ज किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले सार्वजनिक मैदान. तमिळमध्ये यास ‘तीवुत्तिडल’ म्हणतात. हे बेट मानवनिर्मित आहे. कूवम आणि उत्तरेकडून येणारी एळंबूर नदी १६९६ मध्ये चर खणून जोडण्यात आल्या, तेव्हा मधली जमीन पाण्याने वेढली गेली. मद्रास जिमखाना क्लबही (स्थापना १८८४) याच बेटावर आहे.

बेटावरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या मधोमध सर टॉमस मन्रोचा अश्वारूढ पुतळा आहे. मद्रासचा गव्हर्नर (१८२०–२७) आणि रयतवारी पद्धतीचा पुरस्कर्ता म्हणून मन्रो प्रसिद्ध आहे. मे १८१८ मध्ये पेशव्यांच्या फौजेकडून सोलापूर घेणारा सेनानीही तोच. फ्रान्सिस चॅन्ट्री याने घडवलेला हा पुतळा १८३९ मध्ये उभारला गेला. घोड्यावर खोगीर नाही, रिकीबही नाही. शिल्पकार ती घडवायला विसरला, ही आख्यायिका मात्र पटण्याजोगी नाही: लंडनच्या ट्रफाल्गार चौकातील चौथ्या जॉर्जचा चॅन्ट्रीकृत घोडाही असाच उघड्या पाठीचा आहे.

मैदानाला खरी जाग येते ती पोंगलच्या सुमारास. तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळाची पर्यटन व औद्योगिक जत्रा येथे भरते. शासकीय खात्यांची दालने, आकाशपाळणे आणि तळलेल्या मोठ्या अप्पळांच्या (पापडांच्या) गाड्या यांनी संध्याकाळी आवार भरून जाते. दिवाळीपूर्वी फटाक्यांची दुकाने लागतात. ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ४ मोटारींची शर्यत रात्रीच्या प्रकाशझोतात झाली. एरवी येथे थांबण्याजोगे फारसे काही नाही.

शेजारच्या नदीकडे मात्र जत्रेतले लोक सहसा पाठच करतात. किनाऱ्यालगत सरकणारी वाळू मुखाशी साचून बांध तयार होतो, भरतीचे पाणी आत येत नाही आणि शहराचे सांडपाणी साकळून दुर्गंधी सुटते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात लोंढा आला की वाट तात्पुरती मोकळी होते. इतर वेळी वाळू उपसावी लागते. शुद्धीकरणाच्या योजना अनेक झाल्या; सध्या चेन्नई नदी पुनरुज्जीवन न्यासाचे काम चालू आहे.

नदीमुख पाहण्यास नेपियर पूल (१८६९) सोयीचा. २०२२ च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडनिमित्त तो पटासारखा काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगवला होता. पुलापलीकडे मरीना किनारा सुरू होतो. मैदानाला चेन्नई सेंट्रल रेल्वेस्थानक आणि अण्णा सालैवरील गव्हर्न्मेंट इस्टेट मेट्रो स्थानक जवळ पडतात. मन्रोचा पुतळा भर रहदारीत असल्याने पदपथावरूनच पाहावा लागतो.